पोथीतला ‘लेखक’ कोण? शेवटचे पान वाचण्याची आणि नोंदवण्याची रीत

घरात जुनी हस्तलिखित पोथी सापडली की आधी शेवटचे पान काढा. पहिल्या पानावर ‘श्रीगणेशाय नमः’ असते आणि ते सगळ्याच पोथ्यांवर असते. पोथी कोणी लिहिली, कधी, कुठे, कोणासाठी, हे असलेच तर शेवटी असते. या समारोपाच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. मी गेली कित्येक वर्षे एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात पोथ्यांच्या नोंदी करते आणि लोक घरच्या पोथ्या घेऊन येतात तेव्हा त्यांच्याबरोबर बसून हेच पान वाचते. त्या पानावरच्या एका शब्दाशी जवळजवळ प्रत्येक जण अडतो. तो शब्द ‘लेखक’.

आज लेखक म्हणजे ज्याच्या डोक्यातून पुस्तक निघाले तो. पोथीत लेखक म्हणजे ज्याच्या हातातून अक्षर उतरले तो. रचणाऱ्याला तिथे कवी म्हणतील, ग्रंथकर्ता म्हणतील, ‘विरचित’, ‘कृत’, ‘प्रणीत’ हे शब्द त्याच्या नावाला लागतील. ‘लेखक’, ‘लिखितं’, ‘लि॥’, ‘हस्ताक्षर’ हे शब्द मात्र बोरू धरणाऱ्याचे आहेत. एवढे एक पक्के धरले की निम्मे काम होते.

याचा सगळ्यात उघड पुरावा आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ही ओवी येते:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

टीका ‘केली’ ज्ञानेश्वरांनी आणि ‘लेखकु’ झाले सच्चिदानंदबाबा. नेवाशाला ज्ञानेश्वर सांगत गेले आणि बाबा लिहून घेत गेले, असे परंपरा सांगते. ओवीने दोघांना दोन वेगळी क्रियापदे दिली आहेत. ‘आदरें’ हा शब्दही वाचून पुढे जाऊ नका. लिहून घेणे हे नऊ हजारांवर ओव्यांचे काम होते आणि त्या कामाला त्या काळी मानाची जागा होती. म्हणूनच ते नाव ग्रंथाच्या आतच, ओवीत बसले.

एका कुटुंबाने गुरुचरित्राची पोथी आणली होती, सोबत घराण्याची छापील माहितीपत्रिका. पत्रिकेत पणजोबांच्या वडिलांचे नाव ‘गुरुचरित्राचे लेखक’ म्हणून होते. पोथीच्या शेवटी खरोखरच त्यांचे नाव होते आणि त्याला ‘लिखितं’ लागलेले होते. म्हणजे घरात चालत आलेली गोष्ट खोटी नव्हती, ‘पूर्वजांनी गुरुचरित्र लिहिले’ हे वाक्य त्या काळच्या मराठीत अगदी खरे होते. शब्दाचा अर्थ मधल्या काळात सरकला, एवढेच. गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर. घरच्या पूर्वजांनी पन्नासांहून अधिक अध्याय एकहाती उतरवून काढले. पत्रिकेत आता ‘ही प्रत त्यांनी स्वहस्ते लिहिली’ असे आहे. माझ्या मते पूर्वजांचा मान त्याने वाढला, कारण ते वाक्य खरे आहे आणि पोथी उघडून कोणालाही दाखवता येते.

पान हाताळण्यापूर्वी

हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. बोट जिभेला लावून पान उलटू नका. पान वाकलेले असेल तर दाबून सरळ करायला जाऊ नका आणि फाटले असेल तर चिकटपट्टी तर मुळीच नको, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षर खातो. लॅमिनेशनचा विचार मनातून काढून टाका. खिडकीजवळ, उन्हात नव्हे, पान आडवे ठेवून मोबाइलने दोन फोटो घ्या: एक सरळ वरून, एक बाजूने तिरका प्रकाश पडेल असा. फिकट शाईचे अक्षर तिरक्या प्रकाशात उठून दिसते. पोथीची पाने सुटी असतात, म्हणून क्रम बिघडण्याआधी पानांचे अंक पाहून घ्या. अंक बहुधा पत्राच्या एकाच बाजूला असतो, मागच्या. त्यामुळे ‘पत्रे ४०’ म्हणजे ऐंशी पृष्ठे, हे नोंद करताना लक्षात असू द्या.

पोथी हाताने लिहिलेलीच आहे ना?

हा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात शिळाछाप पोथ्या पुष्कळ निघाल्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी दगडावरची छपाई चालवली आणि १८४१ साली पंचांग छापले, तो हा काळ. शिळाछापात आधी कोणीतरी सुंदर अक्षरात मजकूर लिहितो आणि तो दगडावर उतरवून छापतात. त्यामुळे कागद लांबट, पाने सुटी, अक्षर हातचे, शेवटी लिहिणाऱ्याचे नावही असू शकते. आणि तरी तशा शेकडो प्रती निघालेल्या असतात.

ओळखायचे शाईवरून. बोरू दौतीत बुडवला की पहिली काही अक्षरे दाट काळी येतात, मग हळूहळू फिकी होतात, मग पुन्हा एकदम काळी. एक ओळ डोळ्यांजवळ धरून पाहिली की ही भरती-ओहोटी स्पष्ट दिसते. लिहिणारा किती अक्षरांनी दौतीकडे वळला तेही मोजता येते. शिळाछापात काळेपणा सगळीकडे सारखा असतो. हे एकदा नजरेत बसले की पुन्हा विसरत नाही.

पुष्पिका फोडायची कशी

पुष्पिका बहुधा मोडक्या-तोडक्या संस्कृतात असते, पोथी मराठी असली तरीही. घाबरायचे कारण नाही, कारण ठरलेले साचे आहेत. नमुन्यासाठी मी एक जुळवते. नावे खऱ्या कोणाची नकोत म्हणून व्याकरणकारांची सवय पाळून देवदत्त आणि यज्ञदत्त घेते:

शके १७४२ विक्रमनामसंवत्सरे आश्विनशुद्धदशम्यां पुण्यपत्तने जोशी इत्युपनामकेन यज्ञदत्तात्मजेन देवदत्तेन लिखितं विष्णुमित्रस्य पठनार्थं ॥ लेखकपाठकयोः शुभं भवतु ॥ ॥ छ ॥

शेवटून पाहत या. ‘लिखितं’ सापडले की त्याच्या मागे ‘-एन’ने संपणारे नाव शोधा: देवदत्तेन. हा लिहिणारा. ‘आत्मज’, ‘सुत’, ‘सूनु’ या शब्दांना जोडलेले नाव बापाचे असते, म्हणून ‘यज्ञदत्तात्मजेन’ म्हणजे यज्ञदत्ताच्या मुलाने. पुष्कळ लोक इथे बापालाच लिहिणारा समजून बसतात, कारण त्याचे नाव आधी येते. ‘उपनामक’, ‘उपाह्व’ यांच्या अलीकडे आडनाव. ‘-स्य’ने संपणारे नाव ज्याची पोथी किंवा ज्याच्यासाठी पोथी, त्याचे: ‘इदं पुस्तकं अमुकस्य’. ‘स्वार्थं परार्थं च’ असे असेल तर लिहिणाऱ्याने ती स्वतःच्या आणि इतरांच्याही उपयोगासाठी लिहिली. हा वाक्प्रयोग तुम्हाला इतक्या वेळा भेटेल की पुढे पुढे दोन अक्षरांवरून ओळखाल.

‘लेखकपाठकयोः’ इथे पुन्हा तोच शब्द आला. शुभ व्हावे ते लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे. कवीचा इथे संबंध नाही. तो कदाचित तीनशे वर्षांपूर्वी गेलेला असतो.

गावाचे नाव संस्कृत वेषात असते. पुण्यपत्तन म्हणजे पुणे, जनस्थान म्हणजे नाशिक, प्रतिष्ठान म्हणजे पैठण, करवीर म्हणजे कोल्हापूर, विराटनगरी म्हणजे वाई. नुसते ‘कृष्णातीरे’ असेल तर गाव ठरवायला जाऊ नका, ‘कृष्णातीरे’ एवढेच नोंदवा. नदी लांब आहे.

शेवटचे ‘॥ छ ॥’ पाहून तारीख शोधू नका. जुन्या पत्रांत ‘छ’ हे चंद्राच्या तारखेचे चिन्ह आहे, त्यामुळे कागदपत्रे वाचणारे लोक इथे हमखास चकतात. पोथीतला ‘छ’ मजकूर संपल्याची खूण आहे, बाकी काही नाही. तसेच ‘ग्रंथसंख्या ७५०’ असे दिसले तर ती पुस्तकांची संख्या नव्हे. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’, असे ते लिखाण मोजायचे माप आहे. गद्य असो की पद्य, लिहिणाऱ्याची मजुरी याच मापाने ठरवता येई.

वाराच्या नावांत एक खळगा आहे. सौम्यवासर म्हणजे सोमवार नव्हे, बुधवार. सोमवाराला इंदुवासर किंवा सोमवासर म्हणतात. भौम मंगळ, भृगु शुक्र, मंद शनी, भानू रवी.

आणि मागची कोरी बाजूही पाहाच. मुख्य मजकूर बाळबोध आणि मागे दोन-तीन ओळी मोडीत, असे खूपदा आढळते. पोथी कोणाकडून आली, कोणाला वाचायला दिली, कधी कधी उसनवारीचा हिशेबसुद्धा. तो हात बहुधा मालकाचा असतो. लिहिणाऱ्याच्या रकान्यात त्याचे नाव घालू नका.

शक कसा तपासायचा

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो: १७४२ अधिक ७८, म्हणजे १८२०. मात्र शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर पुढचे इंग्रजी साल लागलेले असू शकते. तिथे ७९ मिळवून पाहा. खानदेशात किंवा गुजरातेकडून आलेल्या पोथीत ‘संवत्’ असेल तर तो विक्रम संवत. तिकडे हे वर्ष कार्तिकात सुरू होते, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात त्यातून ५७ वजा, पौषापासून पुढे आश्विनापर्यंत बहुधा ५६.

आकडा पुसट असेल तर संवत्सराचे नाव मदतीला येते. शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक; पहिला प्रभव. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय. आपल्या नमुन्यात १७४२ अधिक १२ म्हणजे १७५४. त्यातून १७४० गेले, उरले १४. प्रभव, विभव, शुक्ल असे मोजत गेलात की चौदावा विक्रम. जुळले. साठही नावे कोणत्याही पंचांगात मिळतात. हे गणित दक्षिणेकडच्या गणनेचे आहे आणि आपल्याकडच्या पोथ्यांना लागू पडते. नर्मदेच्या उत्तरेला संवत्सर वेगळ्या रीतीने मोजतात, तिथली पोथी असेल तर नाव जुळणार नाही.

कधी शक आकड्यांत नसून शब्दांत असतो: ‘नेत्र-वेद-मुनि-भू’. नेत्र दोन, वेद चार, मुनी सात, भू एक. वाचायचे उजवीकडून, म्हणजे उलट: १७४२. बाण पाच, रस सहा, वसू आठ, आकाश शून्य, अग्नी किंवा गुण तीन. याची छोटी यादी करून पोथ्यांच्या वहीत चिकटवून ठेवा.

तारीख नेमकी कशाची?

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

‘आमच्याकडे शके बाराशे बाराची ज्ञानेश्वरी आहे’ असे सांगणारी माणसे मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या पोथीत तो शक खरोखरच असतो. पण तो ज्ञानेश्वरीच्या रचनेचा, म्हणजे १२९० सालचा आहे. ती ओवी ग्रंथाचाच भाग असल्यामुळे पुढच्या प्रत्येक प्रतीत ती उतरत आली. तुमच्या हातातली पोथी १८०० सालची असली तरी तिच्यात ‘शके बाराशतें बारोत्तरें’ असणारच.

त्याच्यापुढे पाहा. पुष्कळ प्रतींत आणखी एक शक सापडेल:

शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं ।
एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता-ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली ॥

शके १५०६, सन १५८४. वरची रीत लावून बघा: १५१८ भागिले ६०, बाकी १८, अठरावा संवत्सर तारण. एकनाथांनी अनेक पाठ शोधून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तो हा शक. म्हणजे शोधणाऱ्याचीही नोंद ओवीत झाली. याच ठिकाणी त्यांनी पुढच्या लिहिणाऱ्यांना सज्जड ताकीद दिली आहे: ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मऱ्हाटी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे. नकला करता करता लोक स्वतःच्या ओव्या आत सोडत होते, हे या ताकिदीवरून कळते. एकनाथांना हा त्रास तीनशे वर्षांच्या नकलांमुळे झाला.

तर एका पोथीत तीन शक असू शकतात: रचनेचा, शोधनाचा, आणि या प्रतीच्या लेखनाचा. तुम्हाला हवा तो तिसरा, आणि तो सगळ्यांच्या नंतर, ग्रंथ संपल्यावर, बहुधा थोड्या सैल अक्षरात असतो. तो नसेल तर पोथीचा लेखनकाल कळलेला नाही, असे धरा. कागद, शाई आणि अक्षरवळण पाहून जाणकार अंदाज देतील, पण तो अंदाज म्हणूनच लिहायचा.

अजून एक अडचण आहे. काही लिहिणारे समोरच्या पोथीची पुष्पिका जशीच्या तशी, जुन्या लेखकाच्या नावासकट उतरवतात. मग दोन ‘लिखितं’ मिळतात, किंवा एकच मिळते आणि तेही जुन्याचे. दोन मिळाली तर शेवटचे आपले. एकच असेल आणि शक कागदाच्या मानाने फारच जुना वाटत असेल, तर ‘मातृकेतील पुष्पिका असावी’ असा शेरा द्या. ज्या पोथीवरून नक्कल केली ती मातृका.

लिहिणाऱ्याचे श्लोक

पुष्पिकेनंतर दोन-तीन श्लोक भेटतील आणि ते ग्रंथाचे वाटून लोक त्यांचा अर्थ ग्रंथाशी जोडायला बघतात. ते लिहिणाऱ्याचे आहेत, देशभरच्या पोथ्यांत हेच सापडतात. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥’ जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. दुसरा श्लोक पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खिळवून, खाली मान घालून कष्टाने लिहिलेला हा ग्रंथ जपा, असे सांगतो: ‘भग्नपृष्ठकटिग्रीवः’. तिसऱ्यात पोथी स्वतः बोलते: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. शब्द थोडेफार इकडचे तिकडे होतात. तुमच्या पोथीत जसे असतील तसेच उतरवा, दुरुस्त करू नका.

पहिला श्लोक मला फार महत्त्वाचा वाटतो. या माणसाचे काम होते जसे आहे तसे पुढे पोचवणे. त्याच्या चुकाही त्यामुळे आपल्या कामाच्या आहेत. ‘घ’च्या जागी ‘ध’, ‘व’च्या जागी ‘ब’, ‘ख’च्या जागी ‘ष’ हे सगळीकडे दिसते. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळी असल्या की नजर घसरून मधली ओळ गळते. ती मग समासात लिहून ओळीवर हंसपदाची खूण करतात. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर पुन्हा लिहितात. ‘हरताळ फासला’ हे आपण बोलतो ते इथूनच आले. तुमच्या पोथीत पिवळे पट्टे दिसले तर ते डाग समजून पुसायला जाऊ नका. दुरुस्त्या जितक्या काळजीने केलेल्या, तितकी ती प्रत विश्वासाची.

चांगला लेखक कसा असावा हे समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिल्याच समासात सांगितले आहे, नावच ‘लेखनक्रियानिरूपण’. पोथी पाहायला बसण्याआधी तो समास वाचून घ्या, म्हणजे काय पाहायचे ते कळते. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे हवे. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत, जणू एकाच टाकाने लिहिलेले. पान शिशाने आखून घ्यावे. भोवताली जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागद झडला तरी अक्षर वाचेल. ही शेवटची सूचना तर मी रोज खरी होताना पाहते: कडा वाळवीने आणि हातांनी खाल्लेल्या, आणि मधला मजकूर शाबूत. आणि ही ओवी:

बहु बारिक तरुणपणीं । कामा नये म्हातारपणीं ।
मध्यस्त लिहिण्याची करणी । केली पाहिजे ॥

तरुणपणी हौसेने काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी आपल्यालाच वाचता येत नाही. हा समासही हस्तलेखन करणाऱ्यासाठीच सांगितलेला आहे. दासबोध सांगितला समर्थांनी आणि लिहून घेतला कल्याणस्वामींनी, असे संप्रदाय सांगतो. तुकोबांचे अभंग वह्यांतून उतरवणारे संताजी जगनाडे तेली समाजातले. म्हणजे लेखक म्हटला की तो भट-कुलकर्णीच असला पाहिजे, हा हिशेब धरू नका. नाव काय आहे ते वाचा.

पोथी सोडून कागदपत्रांकडे

हीच नजर सनदा, खरेदीखते, पत्रे यांनाही लावता येते, शब्द मात्र तिथे फारसीतले. शेवटचा ‘-नीस’ म्हणजे ‘नवीस’, लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फर्द (हिशेबाचा कागद) लिहिणारा फडणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, घडामोडी टिपणारा वाकनीस. शिवाजी महाराजांच्या काळात या हुद्द्यांना संस्कृत नावे दिली गेली तेव्हा वाकनीस मंत्री झाले, सुरनीस सचिव. आडनावे मात्र जुनीच राहिली. घराण्याचा इतिहास लिहिताना ‘चिटणीस’ म्हणजे आजच्या पक्षाच्या किंवा संघटनेच्या सरचिटणीसासारखे पद असे समजू नका. पत्राचा मजकूर जुळवणे हे त्याचे मुख्य काम.

पत्राच्या वर ज्याचे नाव, त्याच्या हातचा मजकूर असेलच असे नाही. मजकूर कारकुनाचा आणि शेवटची ओळ वेगळ्या, घाईच्या अक्षरात असेल, तर ती ओळ जपून पाहा. धन्याचा हात तिथे असू शकतो. ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द दिसला तर आजचा ‘जातीने हजर’ हा अर्थ बाजूला ठेवा. कागदावर तो ‘स्वतःच्या हातचे अक्षर’ असे सांगतो. ‘द॥ खु॥’ असा आखूडही येतो. ‘बिकलम’ म्हणजे अमुकाच्या लेखणीने: सही एकाची, लिहिले दुसऱ्याने. शेतकऱ्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ आणि शेजारी बिकलम कुलकर्णी, अशी जोडी गावच्या कागदांत नेहमी असते.

आज कोणता शब्द वापरावा

तुम्ही घराण्याचा लेख लिहीत असाल, कादंबरी लिहीत असाल किंवा पोथ्यांची यादी करत असाल, तर हात चालवणाऱ्याला नुसते ‘लेखक’ म्हणू नका. आजचा वाचक चुकीचेच समजणार. ‘लिपिक’ नको, तो कचेरीतला हुद्दा झाला. ‘नकलकार’ बरोबर आहे, पण नक्कल शब्दाला आता खोटेपणाचा वास लागला आहे, म्हणून मी टाळते. ‘लिपिकार’ विद्वानांच्या लेखांत चालतो. गुजरातेकडच्या जैन पोथ्यांबद्दल लिहिताना ‘लहिया’ हा तिकडचाच शब्द ठेवावा. मी स्वतः ‘लेखनिक’ लिहिते. दहावी-बारावीच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थी उत्तर सांगतो आणि शेजारी बसून जो ते लिहितो, त्याला आपण लेखनिकच म्हणतो. विचार एकाचा, हात दुसऱ्याचा, हा अर्थ त्या शब्दात सगळ्यांना आपोआप कळतो.

मूळ अवतरण देताना मात्र ‘लेखक’ बदलू नका. ‘लेखकु जाहला’ हे तसेच राहू द्या आणि आपल्या वाक्यात लेखनिक म्हणा. जुन्या काळावरच्या कादंबरीत पात्राच्या तोंडी ‘लेखक’ घातलात तरी चालेल, फक्त पुढच्याच वाक्यात त्याला दौत-बोरू घेऊन बसवा.

नोंद करताना रकाने असे ठेवा: ग्रंथाचे नाव, ग्रंथकार, लेखनिक, रचनाकाल, लेखनकाल, लेखनस्थळ, ज्याच्यासाठी लिहिली तो, आताचा मालक, पत्रे, लिपी. ग्रंथकार आणि लेखनिक यांना एकाच रकान्यात कधीही कोंबू नका. एकदा मिसळले की यादीवरून यादी करणारे ती चूक पुढे नेत राहतात. पुष्पिका अक्षरशः, चुकांसकट, खाली उतरवा. अक्षर लागत नसेल तिथे टिंबे द्या, अंदाजाने भरू नका. घरी वाचता आले नाही तर चांगला फोटो घेऊन पुण्यात भांडारकर संस्था किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्यात राजवाडे मंडळ किंवा समर्थ वाग्देवता मंदिर, अशा ठिकाणी जाऊन विचारा. पोथी द्यायचीच असे नाही.

लेखनिकाचे नाव मिळाले नाही तर तो रकाना मोकळा सोडू नका. ‘नाव दिलेले नाही’ असे लिहा, आणि शेवटचे पानच हरवले असेल तर ‘अंत्यपत्र नाही’ असे. रकाना मोकळा असला की पुढच्याला वाटते कोणी पाहिलेच नाही, आणि तो जीर्ण पोथी पुन्हा उलगडत बसतो.